ताणा हाय का?

सन एकोणीसशे सत्तावीस. मला तेव्हा एकविसावं लागलं होतं. म्हणजे आई तसं सांगायची. ती म्हणायची, तू झालास त्या साली आपल्या विहिरीचा कठडा पडला. कठडा कुठल्या साली पडला ते मात्र तिलाही सांगता यायचं नाही. पण मी एकवीस धरून चाललो आहे आणि आता या वयात मला कुणी दुरुस्त करू नये.

शाळा म्हणाल तर दुसरीपर्यंत. मास्तर म्हणाले माफी माग, मी म्हणालो चूक माझी नाही, आणि घरी आलो तो आलोच. चूक काय होती ते विसरलो. माझी नव्हती एवढं पक्कं आठवतं.

तर त्या साली मी सोलापुरात म्युनिसिपालटीच्या नोकरीला लागलो. काम म्हणजे रस्त्यावर पाणी मारायची बैलगाडी हाकायची. गाडीवर लोखंडी टाकी, टाकीच्या मागं आडवा नळ, नळाला ओळीनं भोकं. गाडीवर बसल्या बसल्या दोरी ओढली की मागं पाण्याचा पंखा उघडायचा आणि धूळ खाली बसायची. सोलापूरची धूळ ज्यानं खाल्ली आहे त्याला मी काय करत होतो ते समजेल. आणि छातीवर पितळेचा बिल्ला. वाटोळा, मधे नंबर. तो मी रोज चिंचेनं घासायचो. आई म्हणायची, देवाची भांडी काळी पडलीत रे. मी म्हणायचो, देवाला कुठं मुकादमापुढं उभं राहायचंय?

नोकरीला लागून मला नऊ दिवस झाले होते. दहाव्या दिवशी सकाळी मुकादमानं मला बोलावलं. मुकादम म्हणजे आम्हा गाडीवाल्यांवरचा माणूस. अंगानं बारीक, पण आवाज असा की बैल वळून बघायचे.

"पूर्वेकडच्या पेठेतली विणकरांची गल्ली म्हाईत हाय?" त्यानं विचारलं.

"हाय की." माहीत नव्हती.

"त्या गल्लीला नवी गटार झालीय. दगडी. ती बघायला आज पुण्याचा साहेब येतोय. मेंबर सोता आणनार. दहाच्या आत गल्ली या टोकापासनं त्या टोकापातुर वली दिसली पायजे. धूळ उडाली तर तुझा बिल्ला माझ्या टेबलावर. कळलं?"

"कळलं."

"आन तिथं शिरायच्या आधी..."

"मला सगळं म्हाईत हाय," मी म्हणालो आणि बैल हाकले.

तो पुढं काय सांगणार होता ते मी ऐकून घेतलं असतं तर हे लिहायला बसलो नसतो.

गल्ली सापडली. तोंड अरुंद, गाडी जेमतेम जाईल एवढं. उजव्या हाताला ती नवी गटार, कोरी करकरीत, तिच्यात अजून पाणीसुद्धा पडलं नव्हतं. मी ऐटीत शिरलो. दोरी अजून ओढली नव्हती. मनात म्हटलं, आधी मधोमध जाऊ, मग एकदम पंखा उघडू, लोकांनी बघितलं पाहिजे. म्युनिसिपालटीची गाडी शिरली म्हणजे वाट मोकळी असणार असं धरून माझ्या मागोमाग एक टांगा शिरला, त्यात पेटी घेतलेला एक पाहुणा. वीस-पंचवीस पावलं गेलो, गल्ली जराशी वळली, आणि बैल आपोआप थांबले.

समोर सूत होतं.

म्हणजे कसं, ते सांगतो. विणकर मागावर साडी विणायच्या आधी उभे धागे एकत्र ताणतात, त्याला ताणा म्हणतात. तो ताणा एवढा लांब असतो की घरात मावत नाही. म्हणून ही मंडळी सकाळच्या उन्हात तो गल्लीत लावायची. दोन्ही टोकांना खुंट्या, मधे बांबूच्या कैच्या, आणि त्यावर कमरेएवढ्या उंचीला हजारो धागे, जणू गल्लीवर कुणी लाल पाण्याचा पाट सोडलाय. त्या धाग्यांना खळ लावायची, म्हणजे तांदळाच्या पिठाची पातळ पेज, आणि मोठ्या कुंच्यानं विंचरत राहायचं, ती वाळेपर्यंत. मधेच सैल सोडलं तर धागे एकमेकाला चिकटतात आणि सगळा ताणा वाया. वरून पाणी पडलं तरी वाया.

हे सगळ्या गावाला माहीत होतं. पोस्टमन, कचऱ्याची गाडी, लाकूडवाला, लग्नाची वरात, जो कुणी त्या गल्लीत यायचा तो तोंडाशी थांबून मोठ्यानं विचारायचा, "ताणा हाय का?" आतून "हाय" आलं की तो बाहेर थांबायचा किंवा लांबून वळून जायचा. "न्हाय" आलं की शिरायचा. म्युनिसिपालटीचा कायदा काय होता ते मला ठाऊक नाही, पण त्या गल्लीचा कायदा हा एवढाच होता. आणि मी न विचारता आलो होतो.

"आगु! आगु!" कुंचा हातात घेऊन एक म्हातारा ओरडत आला. आगु म्हणजे तेलुगूत थांब. मी थांबलोच होतो. म्हाताऱ्याच्या अंगावर फक्त धोतर, छातीवर पांढरे केस, हात कोपरापर्यंत पिठानं माखलेले. सगळी गल्ली त्याला ताता म्हणायची, म्हणजे आजोबा. ताणा त्याचाच होता.

"इचारला का न्हाई?" तो म्हणाला. त्याचं मराठी तेलुगूच्या चालीवर चालायचं. "तोंड हाय ना तुला? तोंडावर इचारायचा ना?"

"म्युनिसिपालटी कुनाला इचारत न्हाय," मी म्हणालो आणि छाती पुढं काढली, बिल्ला दिसावा म्हणून. "ताणा काढा."

"काडतो की. दोन तासात वाळला की काडतो. तू गाडी माघारी घे."

"म्युनिसिपालटीची गाडी माघारी जात न्हाय."

हे वाक्य मी लई जोरात बोललो. गल्लीतली माणसं ओट्यावर आली. आणि आता मी एक गोष्ट लिहितो, जी मी आजवर बायकोलासुद्धा सांगितली नाही.

मला गाडी मागं घेता येत नव्हती.

पुढं हाकता यायची, वळवता यायची मोठ्या मैदानात. पण मागं? बैल जोडलेली भरली टाकी अरुंद गल्लीतून उलटी? त्यात उजवीकडं ती कोरी गटार. चाक जरा तिरकं गेलं की गटारीचे दगड उखडणार, आणि ती गटार बघायलाच पुण्याहून साहेब निघालेला. पुढं जावं तर म्हाताऱ्याचा ताणा तुटतो, मागं जावं तर गटार फुटते, आणि उभं राहावं तर बिल्ला जातो. यातलं काहीही चाललं असतं, पण 'मला येत नाही' हे तोंडातून निघालं नसतं.

मागून टांगेवाल्यानं हाक दिली. "क्या रे म्युनसिपाल्टी! बैलां सो गये क्या? पीछू ले ना, मेरेकू टेसन जाना है!"

"आदी तू पीछू ले," मी म्हणालो.

त्यानं लगाम जरासा ओढला, जिभेनं टॉक केलं, आणि घोडा नाचत नाचत मागं गेला. टांगा बाहेर. सगळी गल्ली माझ्याकडं बघायला लागली.

"आता तू," टांगेवाला तोंडाशी उभा राहून म्हणाला. "आऊं क्या मदतकू?"

"नको!" मी ओरडलो. "हा कायद्याचा प्रश्न हाय!"

कायद्याचं नाव काढलं आणि गल्ली खूश झाली. समोर किराणा दुकान होतं. दुकानदार अप्पा, कपाळाला भस्माचे पट्टे, घरी कानडी आणि गिऱ्हाइकाशी मराठी. सगळ्या गल्लीत खुर्ची एकट्या त्यांच्याकडं होती, ती त्यांनी दुकानातून बाहेर आणली आणि तिच्यावर बसले. खुर्ची त्यांची म्हणून ते अध्यक्ष. ते दोनदा म्युनिसिपालटीच्या इलेक्शनला उभे राहून दोन्हीदा पडले होते. ती हौस त्यांनी त्या दिवशी फेडून घेतली.

"सुम्म कुंद्रि!" ते म्हणाले, म्हणजे गप बसा. "सभा भरली. तम्मा, तू बोल आधी."

तम्मा म्हणजे धाकटा भाऊ. मला बरं वाटलं. मी म्हणालो, "दहाच्या आत गल्ली वली करायचा हुकूम हाय."

"पॉइंट हाय," अप्पा म्हणाले. "ताता?"

"ताणा वला हाय. वाळल्याबिगर काडनार न्हाई."

"हा पन पॉइंट हाय. म्हंजे एकाला वली पायजे आन एकाला कोरडी पायजे. असं असंल तर कमिटी नेमावी लागंल."

कमिटीवर कोण यावरून भांडण लागलं. एक म्हणाला विणकर दोन पाहिजेत. दुसरा म्हणाला मग आमच्या बाजूच्या ओळीचे दोन. कुणीतरी म्हणालं, टांगेवाल्याला घ्या, तो बाहेरचा आहे, निःपक्षपाती आहे. टांगेवाला म्हणाला, माझं गिऱ्हाईक पळून चाललंय, निःपक्षपाती कसला. पाहुणा खरंच पेटी डोक्यावर घेऊन स्टेशनकडं निघाला होता.

या सगळ्यात माझ्या बैलांकडं कुणाचं लक्ष नव्हतं. माझंही नव्हतं. माझा डावा बैल तांबडा, खायला पुढं आणि ओढायला मागं असा. त्याच्या नाकाशी, ताण्याच्या कडेला, तातानं खळीचं भांडं ठेवलेलं. ताजी, कोमट, तांदळाची. अप्पा ठराव वाचत होते, "सदर गल्लीत सदर गाडी..." आणि मागून सुर्र सुर्र आवाज आला.

"अय्यो! एद्दु!" ताता किंचाळला. एद्दु म्हणजे बैल.

भांडं रिकामं. तांबड्यानं बुडसुद्धा चाटून साफ केलं आणि नाक वर करून उभा राहिला. नाकापासून कानापर्यंत पांढरा. उन्हानं ती खळ वाळायला लागली तशा त्याच्या मिशा ताठ होऊन दोन्ही बाजूंना उभ्या राहिल्या. एखाद्या फौजदाराच्या असतात तशा. बायका पदर तोंडात घालून हसायला लागल्या.

ताता हसला नाही. ताण्याचा अर्धा भाग अजून खळीविना होता. त्यानं कुंचा माझ्या हातात दिला. "तू इंचर," तो म्हणाला. "मी दुसरी खळ करतो. थांबवायचा न्हाई हात. हात थांबला तर ताणा गेला."

आता सांगा, मी काय करायचं? म्युनिसिपालटीचा नोकर, छातीवर बिल्ला, आणि हातात कुंचा. पण बैल माझा होता. मी विंचरायला लागलो. अप्पांनी कुरकुरत तांदळाचं पीठ काढून दिलं. "अध्यक्षाच्याच घरातनं जातंय बघा सगळं," ते म्हणाले. पण दिलं.

एवढ्यात शेजारच्या घरातून एक आक्का बाहेर आली, कमरेवर घागर. तिनं मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि विचारलं, "भाऊ, टाकीत पाणी हाय न्हवं?"

"भरून हाय."

"आन तुमाला गल्ली वलीच पायजे? गाडीनंच झाली पायजे असं हुकमात हाय का?"

मी विंचरता विंचरता विचार केला. मुकादम म्हणाला होता, वली दिसली पाहिजे. गाडीनं म्हणाला नव्हता.

"तसं न्हाय," मी म्हणालो.

"मग पुरुषमानसांनी कमिटी करावी," ती म्हणाली. "सडा आमाला रोजचाच हाय." आणि ती टाकीच्या मागं गेली, नळाखाली घागर लावली आणि मला म्हणाली, "ओढा दोरी."

माझे हात कुंच्यात. दोरी टांगेवाल्यानं आत येऊन ओढली. "एक एक सोडता हूं, माई, दंगा नक्को!" तो म्हणाला. गिऱ्हाईक गेलंच होतं, आता त्याला मजा वाटायला लागली होती.

मग जे झालं ते मी आयुष्यात परत बघितलं नाही. सगळ्या गल्लीतल्या बायका घागरी, कळशा, तपेली घेऊन निघाल्या. पाणी घ्यायचं, ताण्याच्या खालून वाकून पलीकडं जायचं, आपापल्या दारापुढं सडा टाकायचा. एकीनं दोन घागरी टाकल्या की शेजारीण तीन टाकायची. हिच्या दारापुढं ओलं झालं आणि तिच्या दारापुढं जास्त ओलं झालं यावरून दोघी भांडल्या आणि रागानं दोघींनी आणखी चार चार घागरी ओतल्या. दोन घागरी दारात तर एक घागर घरात, असा हिशेब होता, तो मला दिसत होता, पण मी काही बोललो नाही. सड्यावर रांगोळ्या पडल्या. कुणी कमळ काढलं, कुणी तुळस. आक्कानं तर गटारीच्या काठानं वेल काढत नेली, या टोकापासून त्या टोकापर्यंत.

दहाला पाच कमी असतील. ताता दुसरी खळ लावत होता, मी विंचरत होतो, टाकी ठणठणीत रिकामी, बैल मिशा लावून उभा. आणि गल्लीच्या पलीकडच्या तोंडातून मेंबर, टोपीवाला साहेब, आणि मागं आमचा मुकादम आले.

मेंबरनं मोठ्यानं विचारलं, "ताणा हाय का?"

"हाय!" सगळी गल्ली म्हणाली.

ते तिथंच थांबले. मेंबर थांबला, पुण्याचा साहेब थांबला. बघा, न विचारता शिरणारा त्या अख्ख्या गावात मी एकटाच होतो.

साहेबानं गटार बघितली, रांगोळी बघितली, ओली गल्ली बघितली. मग ताण्यावरून पलीकडं बोट केलं. "ती गाडी तिथे कशाला उभी आहे? आणि बिल्लेवाला माणूस सूत का विंचरतोय?"

मुकादमाचं तोंड पडलं. मेंबरनं मुकादमाकडं बघितलं. मी बिल्ल्याकडं बघितलं. मनात म्हटलं, आज शेवटचा दिसतोयस बाबा.

तेव्हा अप्पा खुर्चीवरून उठले. दोनदा पडलेला माणूस, पण भाषण तयार. "साहेब," ते म्हणाले, "ती नुसती गाडी न्हवं. गल्लीला पान्याचे हाल हायेत. म्हनून आमच्या मेंबरसाहेबांनी भरली टाकी दाराशी उभी करायची येवस्था केलीय. बायका पानी भरतात, सडा घालतात, धूळ बसते, आन विणकराचं सूतबी भिजत न्हाय. गाडीवाला तेवढ्यात हातभार लावतोय."

मेंबरला ही व्यवस्था आपण केली आहे हे तेव्हाच कळलं. पण तो मेंबर होता. त्यानं मान डोलावली. "गरिबांसाठी जेवढं होईल तेवढं करतो," तो म्हणाला.

साहेबानं वही काढून काहीतरी लिहून घेतलं. "फार चांगलं," तो म्हणाला. "हे रोज चालू ठेवा." आणि जाता जाता, "त्या बैलाला काय झालंय?" असं विचारलं.

बिल्ला वाचला. मुकादम मागं राहून ताण्यापलीकडून मला म्हणाला, "ऐकलास न्हवं? उद्यापासनं रोज सकाळी भरली टाकी हितं उभी करायची. बायकांनी रिकामी केली की माघारी घ्यायची आन परत भरायची. दिवसातनं दोनदा." आणि गेला.

मी कुंचा तसाच धरून उभा राहिलो. त्या दिवशी ठीक होतं. दुपारपर्यंत ताणा वाळणार, ताता तो गुंडाळणार, आणि मी सरळ पुढं निघून जाणार. पण उद्या? रोज सकाळी ताणा. रोज दोनदा माघारी.

दुपारी ताता ताणा गुंडाळत होता. एक धागासुद्धा तुटला नव्हता. त्यानं माझ्याकडं न बघता विचारलं, "उद्या माघारी कसा जानार रे?"

"जाईन की."

"येतंय?"

"म्युनिसिपालटीच्या मानसाला काय येत न्हाय?"

तो आपला गुंडाळत राहिला. मग हळू म्हणाला, म्हणजे अप्पांना ऐकू जाणार नाही असं, "माझा सासऱ्याकडं मिरच्याचा गाडी होता. बैलाला माघारी घ्यायचा तर माणूस खाली उतरतो, बैलाच्या नाकापुढं उभा ऱ्हातो. तू सकाळपासून एकदा पण नाकापुढं गेला न्हाईस. मी तेव्हाच वळखलो."

"मग बोलला का न्हाईस?"

"तू मला इचारला का?"

मी बैल हाकले आणि मोकळ्या गल्लीतून सरळ बाहेर पडलो. मागून तो एवढंच म्हणाला, "उजेडायच्या टायमाला मी ताणा लावत असतो. लवकर उठतो मी."

शिकवणी मी आयुष्यात कुणाकडून घेतली नाही. मास्तरकडून घेतली नाही तर विणकराकडून काय घेणार? त्या दिवशी जेवताना आईला म्हणालो, नोकरी सोडतो. ती म्हणाली, सोड की, बिल्ला देवघरात ठेवू, देवाची भांडी तरी आता घासशील. मी बिल्ल्याकडं बघितलं. तो लई चकचकीत दिसत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी, तांबडं फुटायच्या सुमाराला, मी भरली गाडी घेऊन त्या गल्लीच्या तोंडाशी गेलो. बैल थांबवले. इकडं तिकडं बघितलं, टांगेवाला कुठं दिसत नव्हता. मग गाडीवरून खाली उतरलो, तांबड्याच्या नाकापुढं जाऊन उभा राहिलो, आणि छातीत होती तेवढी हवा भरून ओरडलो,

"ताणा हाय का?"